बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र हा मुख्य विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी बारावीच्या जीवशास्त्राची सवय घेऊन येतात. आधी धडा वाचायचा, मग पाठ करायचा आणि प्रॅक्टिकल शेवटी कसेबसे उरकायचे, अशी ती सवय असते. या विषयात ती चालत नाही, कारण येथे आज केलेल्या कामाचा निकाल उद्या दिसतो. लूप (जिवाणू उचलण्याची, टोकाला कडी असलेली तार) नीट तापवला नाही हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरचे (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीचे) दार उघडल्यावर कळते, आणि तोवर तो तास, ते माध्यम (जिवाणूंचे खाद्य) आणि ते कल्चर (वाढवलेले जिवाणू) वाया गेलेले असते. म्हणून पुढील टप्प्यांत काय वाचावे यापेक्षा काय कधी करावे यावर भर दिला आहे.

टप्पा १: प्रवेश घेण्यापूर्वी

हा टप्पा लहान आहे. बारावी विज्ञान शाखेतून आणि जीवशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन झालेली असावी. महाविद्यालय निवडताना मुख्य इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहावी. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) चालू स्थितीत आहे का, इन्क्युबेटर किती आहेत, एका सूक्ष्मदर्शकामागे किती विद्यार्थी असतात आणि एका प्रॅक्टिकलच्या तुकडीत किती जण असतात, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरेसा अंदाज येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हे पहिल्याच वर्षी ठाऊक असलेले बरे.

*इशारा:* ही पदवी म्हणजे डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) नव्हे. केवळ बी.एस्सी.च्या जोरावर पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर सही करता येत नाही. रुग्णालयातील लॅबचेच काम करायचे असेल, तर त्याची वेगळी पात्रता आधी पाहून घ्यावी. औषध कंपन्या, दुग्धव्यवसाय, अन्नप्रक्रिया आणि पाणी तपासणी येथील गुणवत्ता नियंत्रण विभागांत मात्र ही पदवी थेट उपयोगी पडते.

टप्पा २: पहिल्या महिन्याची पूर्वतयारी

पहिल्या महिन्यात तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली गोष्ट म्हणजे घातांक आणि लॉगॅरिदम. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, असे समजून आलेले विद्यार्थी पहिल्या सत्रातच अडखळतात. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे सात तासांत २१ पिढ्या होतात आणि एका पेशीच्या २० लाख ९७ हजार १५२ पेशी होतात. हे गणित एकदा स्वतः कागदावर करून पाहिले, की वाढीचा आलेख साध्या कागदावर न काढता सेमीलॉग कागदावर का काढतात, हे वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे द्रावणे तयार करण्याचे रसायनशास्त्र: टक्केवारी, मोलॅरिटी, सामू आणि बफर. ०.८५ टक्के सलाइन १०० मिलिलिटर करायचे, तर ०.८५ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण आकारमान १०० पर्यंत न्यायचे असते. आधीच १०० मिलिलिटर पाणी मोजून त्यात मीठ टाकणे ही चूक तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलेली मी पाहिली आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची आहे. रोजच्या बोलण्यात हात धुतले की आपण ‘निर्जंतुक’ म्हणतो आणि जिवाणू, विषाणू, बुरशी या सगळ्यांना ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो. या विषयात निर्जंतुक म्हणजे एकही जिवंत सूक्ष्मजीव नाही, बीजाणू (प्रतिकूल स्थितीत तग धरणारे रूप) सुद्धा नाही. फिनेलने पुसलेले टेबल स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. त्याचप्रमाणे जातीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे (जीनसचे) पहिले अक्षर मोठे, पुढच्या शब्दाचे लहान आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली स्वतंत्र रेघ, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नावे बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या पुस्तकांतील एंटरोबॅक्टर एरोजेनीस २०१७ पासून क्लेब्सिएला एरोजेनीस झाला आहे आणि २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस प्रजातीची विभागणी अनेक प्रजातींमध्ये झाली. ग्रंथालयातील पुस्तकाची आवृत्ती पाहिल्याशिवाय त्यातले नाव उतरवू नये.

टप्पा ३: प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी

माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वाधिक फळ देणारी वीस मिनिटे ही आहेत. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाची कृती वाचून एका पानावर दोन रकाने करावेत: ‘आज करायचे’ आणि ‘उद्या पाहायचे’. पहिल्या रकान्यात साहित्य, कल्चर किती तासांचे हवे आणि कोणता टप्पा थांबवता येत नाही, हे लिहावे. दुसऱ्या रकान्यात काय दिसायला हवे आणि ते दिसले नाही तर त्याचा अर्थ काय, हे निकाल पाहण्याआधीच लिहून ठेवावे. ज्याला काय अपेक्षित आहे हे माहीत नाही, त्याला प्लेटवर (माध्यम ओतलेल्या, झाकणाच्या बशीवर) फक्त ठिपके दिसतात.

माध्यम स्वतः तयार करायचे असेल, तर क्रम असा: घटक वजन करून पाण्यात विरघळवणे, सामू पाहणे, मग अगर (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) घालून उकळणे, फ्लास्कला कापसाचा बोळा व कागद लावणे आणि १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर, १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करणे. अगर घालून झाल्यावर सामू पाहायला गेलात, तर इलेक्ट्रोडवर अगर गोठतो.

*तपासणी:* अगर साधारण ४० अंशांच्या आसपास गोठतो, म्हणून प्लेट ओतण्यासाठी माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत निवू द्यावे. फ्लास्क गालाला लावून सोसवतो का, ही जुनी खूण आजही चालते. फार गरम ओतले तर झाकणाखाली पाणी साचते. फार गार ओतले तर प्लेटमध्ये गुठळ्या होतात.

*इशारा:* ऑटोक्लेव्हमधील दाब शून्यावर येण्यापूर्वी झाकण उघडू नये. घाई केल्यास फ्लास्कमधील माध्यम उसळून बाहेर येते आणि हात भाजतो.

टप्पा ४: लूप, ज्योत आणि स्ट्रीकिंग

स्ट्रीकिंग म्हणजे लूपने प्लेटवर रेघा ओढत जिवाणू विरळ करत नेणे, म्हणजे शेवटी सुट्या कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) मिळतात. कल्चर शुद्ध नसेल तर त्यापुढचे सगळे प्रयोग व्यर्थ आहेत, म्हणून या टप्प्यावर पहिले संपूर्ण सत्र खर्च झाले तरी हरकत नाही.

बसण्यापूर्वी पंखा बंद करावा, टेबल पुसावे आणि प्लेटच्या तळाला, झाकणाला नव्हे, मार्करने कल्चर, माध्यम, तारीख व रोल नंबर लिहावा. झाकणे अदलाबदल होतात. तळ होत नाही.

लूप ज्योतीत उभा धरून तार मुळापासून टोकापर्यंत लाल होऊ द्यावी. मग तो अगरच्या कडेला, जेथे कल्चर नाही तेथे, टेकवावा. चर्र आवाज आला तर तो अजून गरम आहे. कल्चर अगदी थोडे घ्यावे. लूपवर डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे पुरते. प्लेटच्या एका चतुर्थांशात रेघा जवळजवळ ओढाव्यात. लूप पुन्हा तापवून, निववून पहिल्या भागातून दोनतीनदाच नेऊन दुसऱ्या भागात रेघा ओढाव्यात, आणि याच पद्धतीने तिसरा व चौथा भाग करावा. चौथ्या भागाचा शेवट पहिल्या भागाला भिडू देऊ नये. हात हलका असावा: सायीवरून बोट फिरवावे, साय फाटू नये, इतका. प्लेट पालथी करून इन्क्युबेटरमध्ये ठेवावी, नाहीतर झाकणावरचे पाण्याचे थेंब खाली पडून कॉलनी एकमेकींत मिसळतात.

पहिल्या वर्षी माझ्या सलग तीन प्लेट्सवर पहिल्या भागात दाट वाढ झाली आणि पुढे काहीच आले नाही. कल्चर मेले असावे, अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्षात मी लूप तापवून लगेच फिरवत होतो आणि उचललेले जिवाणू दर वेळी भाजत होतो. शेजारच्या मुलीने शांतपणे दहापर्यंत मोजायला सांगितले आणि चौथी प्लेट बरोबर आली.

*दुसऱ्या दिवशीची तपासणी:* चारही भागांत सारखीच दाट वाढ असेल, तर मधे लूप तापवलेला नाही किंवा कल्चर फार घेतले आहे. रेघांपासून दूर एकटीच कॉलनी असेल, तर ती हवेतून आली आहे. ती मोजू नये, उचलूही नये. शेवटच्या भागात सुट्या, एकसारख्या कॉलनी असतील तरच पुढे जावे.

टप्पा ५: ग्राम स्टेन

ग्राम स्टेन म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे ग्राम पॉझिटिव्ह (जांभळे) आणि ग्राम निगेटिव्ह (गुलाबी) असे दोन गट ओळखणे. दिसायला सोपा आणि चुकायला त्याहून सोपा असा हा प्रयोग आहे. कल्चर १८ ते २४ तासांचे असावे. जुन्या कल्चरमधील ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंची पेशीभित्तिका कमकुवत होते आणि ते गुलाबी दिसतात, म्हणून सोमवारच्या प्रॅक्टिकलला शुक्रवारचे कल्चर वापरून आलेला निकाल शंकास्पदच मानावा.

स्लाइड तेलकट नसावी. तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब गोळा होऊन बसला तर ती पुन्हा धुवावी. स्मिअर (स्लाइडवर पसरवलेला कल्चरचा थर) पातळ हवा: वाळल्यावर त्यातून छापील अक्षर वाचता आले पाहिजे. स्मिअर कोणत्या बाजूला आहे हे उलट बाजूने मार्करने गोल काढून दाखवावे. हास्यास्पद वाटेल, पण स्लाइडची चुकीची बाजू घासून स्मिअर पुसून टाकणारे विद्यार्थी दर वर्षी असतात. हवेत वाळल्यावरच ती ज्योतीवरून दोनतीनदा न्यावी. हाताच्या मागच्या बाजूला चटका बसेल इतकी तापवू नये.

त्यानंतरचा क्रम असा:

१. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, मग पाणी.
२. ग्राम आयोडिन १ मिनिट, मग पाणी.
३. स्लाइड तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने, ओघळणारे द्रव रंगहीन होईपर्यंत. साधारण १० ते २० सेकंद. लगेच पाणी.
४. सॅफ्रॅनिन ३० सेकंद ते १ मिनिट, मग पाणी. टिपकागदाने टिपावे, पुसू नये.

सगळा निकाल तिसऱ्या पायरीवर अवलंबून असतो. ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनच्या जाड थरामध्ये रंग आणि आयोडिन यांचे संयुग अडकून राहते. ग्राम निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य आवरण अल्कोहोलने उघडे पडते आणि रंग वाहून जातो. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर जांभळेही गुलाबी होतात, कमी राहिले तर गुलाबीही जांभळे राहतात. घड्याळापेक्षा ओघळाकडे पाहावे, कारण जाड आणि पातळ स्मिअरला लागणारा वेळ वेगळा असतो.

*तपासणी:* त्याच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय यांचे स्मिअर घालावेत. हे दोन्ही बरोबर आले असतील, तरच मधल्या नमुन्याचा निकाल मानावा. एकाच जिवाणूच्या स्मिअरमध्ये जाड भाग जांभळा आणि पातळ भाग गुलाबी दिसला, तर पातळ भागावर विश्वास ठेवावा.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी १०एक्सवर स्मिअर शोधावा, मग तेलाचा थेंब टाकून १००एक्स लावावे, कंडेन्सर वर घ्यावा आणि डायफ्रॅम उघडावा. तेल लावल्यावर ४०एक्सवर परत जाऊ नये; त्या भिंगाला तेल लागले की पुढच्या तुकडीला सगळेच धूसर दिसते.

टप्पा ६: विरलन आणि मोजणी

कॉलनी मोजता याव्यात म्हणून नमुना दर पायरीला दहापट पातळ करत नेणे म्हणजे विरलन. नळ्यांमध्ये प्रत्येकी ९ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन घेऊन त्यांतून १ मिलिलिटर पुढे पुढे नेत जायचे, एवढीच कृती आहे. चुका दोन होतात: प्रत्येक नळीला नवे पिपेट न वापरणे आणि पुढे नेण्यापूर्वी नळी नीट न ढवळणे.

गणित एका उदाहरणाने पाहू. दुपारभर बाहेर राहिलेल्या कच्च्या दुधाच्या पाचव्या नळीतून, म्हणजे एक लाखपट विरल केलेल्या द्रावणातून, ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरवले आणि १४६ कॉलनी आल्या. ०.१ मिलिलिटरमध्ये १४६, म्हणून १ मिलिलिटरमध्ये १,४६०. त्याला एक लाखाने गुणले की मूळ दुधात दर मिलिलिटरला १४ कोटी ६० लाख जिवाणू ठरतात. ०.१ची दहापट विसरली की उत्तर १ कोटी ४६ लाख येते. वर्गातील निम्म्या वह्यांत ही चूक असते.

साधारण ३० ते ३०० कॉलनी असलेलीच प्लेट मोजावी. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा भाग फार होतो आणि त्याहून जास्त असतील तर कॉलनी एकमेकींवर चढतात.

*तपासणी:* सहाव्या नळीच्या प्लेटवर पंधराच्या आसपास कॉलनी हव्यात. तेथे नव्वद असतील, तर मधल्या एखाद्या नळीत पिपेट किंवा ढवळणे चुकले आहे. दोन्ही आकडे वहीत जसेच्या तसे लिहून कारण नोंदवावे.

टप्पा ७: अनोळखी जिवाणूची ओळख

क्रम मोडू नये: प्रथम शुद्धता, मग ग्राम स्टेन व आकार, मग हँगिंग ड्रॉपने (लोंबत्या थेंबात पाहून) चलनशीलता, त्यानंतर कॅटालेज व ऑक्सिडेज या विकरांच्या चाचण्या, आणि सर्वात शेवटी शर्करांचे किण्वन व इम्विक चाचण्या (क्रमाने इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी म्हणजे व्होग्स-प्रोस्काउअर, आणि सिट्रेट). उत्साहात सगळ्या नळ्या एकाच दिवशी लावणारे विद्यार्थी मिश्र कल्चरचा निकाल घेऊन आठवडाभर कोड्यात पडतात.

ऑक्सिडेज चाचणीसाठी नायक्रोमचा लूप वापरू नये. त्याच्यामुळे खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. निर्जंतुक लाकडी काडी वापरावी. व्हीपी चाचणीत अभिकर्मके घातल्यावर नळी अधूनमधून हलवत १५ ते ३० मिनिटे थांबावे लागते; मिनिटभरात ‘निगेटिव्ह’ लिहून नळी धुणे ही ठरलेली चूक आहे. सिट्रेटच्या स्लँटवर (नळीत तिरपे गोठवलेल्या माध्यमावर) कल्चर अगदी कमी लावावे, कारण जास्त लावल्यास त्याच्याबरोबर गेलेल्या पोषकद्रव्यांवरच वाढ दिसते. ई. कोलायचा नेहमीचा इम्विक निकाल पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह असा असतो. क्लेब्सिएला एरोजेनीसचा त्याच्या नेमका उलट.

*इशारा:* तोंडाने पिपेट ओढू नये. वापरलेल्या प्लेट्स व नळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये जाऊ नयेत.

टप्पा ८: थिअरी आणि जर्नल

थिअरी पाठ करण्याऐवजी रेखाटावी. लॅक ओपेरॉन (लॅक्टोज वापरण्यासाठीच्या जनुकांचा जिवाणूतील गट) असेल, तर ग्लुकोज आहे किंवा नाही आणि लॅक्टोज आहे किंवा नाही, अशा चार स्थितींची चार चित्रे काढावीत; चारही कोऱ्या कागदावर जमली की धडा झाला. चयापचयाच्या मार्गांत कार्बनचे अणू मोजत जावे. प्रतिकारशास्त्र कालक्रमाने मांडावे: संसर्ग झाल्यावर आधी आयजीएम, नंतर आयजीजी ही प्रतिपिंडे. रोगकारक जिवाणूंसाठी प्रत्येकी एकच ओळ ठेवावी: ग्राम, आकार, ऑक्सिजनची गरज, ओळखीची चाचणी, रोग. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून शेजारी स्वतःच्या मराठीत एका वाक्यात अर्थ लिहिला, तर व्हायव्हाला तोंड उघडणे सोपे जाते.

जर्नल त्याच दिवशी लिहावे. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या जर्नलवरून उतरवलेल्या निरीक्षणांत दोघांच्याही १४६ कॉलनी असतात.

टप्पा ९: पाचवे सत्र, प्रकल्प आणि प्रवेशपरीक्षा

एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटी जॅम या परीक्षेचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सहाव्या सत्रात जागे होणाऱ्याची ती संधी गेलेली असते. तिचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देणाऱ्यांनी बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र पुन्हा काढावे. गॅट-बी आणि सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांच्या तारखाही त्याच वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात.

प्रकल्पाचा विषय लहान असावा, ज्याचा प्रयोग तीनदा करता येईल एवढा. रुग्णांचे नमुने घ्यायचे असतील, तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. प्रमाणित कल्चर हवे असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहासारख्या ठिकाणी विभागामार्फत मागणी खूप आधी नोंदवावी. स्वतः वेगळे केलेले कल्चर केवळ स्लँटवर ठेवू नये. ग्लिसरॉल घालून गोठवलेली एक प्रत असावी.

टप्पा १०: प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस

प्रश्नपत्रिका हाती आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक प्रश्नासमोर ‘इन्क्युबेशन लागते’ किंवा ‘लागत नाही’ असे लिहावे. ज्याला लागते ते स्ट्रीकिंग, विरलन आणि जैवरासायनिक चाचण्या आधी पूर्ण कराव्यात. ग्राम स्टेन आणि स्पॉटिंग (मांडलेले नमुने ओळखणे) नंतर. एक प्लेट काहीही न पेरता तशीच इन्क्युबेटरमध्ये ठेवावी. त्या प्लेटवर वाढ दिसली, तर माध्यमच दूषित होते हे सांगता येते. आणि मोजणीची प्लेट कोरी निघाली, तर ती कोरी म्हणूनच नोंदवून शक्य ते कारण लिहावे. शेजारच्या प्लेटवरून घेतलेला आकडा आपल्या विरलनाशी जुळत नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न नेमका तेथेच विचारतात.